उद्घाटन झालेलं स्वच्छतागृह

सेवा हाच माणसाच्या आयुष्याचा सर्वांत मोठा दागिना आहे, असं सेवा क्लबच्या सभागृहात समोरच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. ही अक्षरं ज्या सभासदाने क्लबला दिली त्याचं नाव खाली आहे, आणि ते वरच्या वाक्यापेक्षा ठसठशीत आहे. सभागृहात आलेला नवा माणूस आधी नाव वाचतो, मग सवड असेल तर सेवेकडे वळतो.

पडदेवाल्यांची नजर त्या भिंतीवर खिळलेली असे, पण ती वेगळ्याच दागिन्यासाठी. भिंतीखाली अध्यक्षांची खुर्ची होती आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या गळ्यात एक पितळी साखळी असे. तिच्या टोकाला बशीएवढं पदक. साखळी इतकी जड होती की वर्षभर ती घालणाऱ्याची मान आपोआप खाली झुके. क्लबात विनय अंगी येण्याचा तेवढाच एक मार्ग होता. शिवाय तिचा मानेवर हिरवट डाग पडत असे. माजी अध्यक्ष तो डाग साबणापासून जपतात, असं लोक म्हणत.

पडदेवाल्यांच्या मानेला डाग नव्हता. मंडईच्या तोंडाशी त्यांचं पडद्यांचं दुकान होतं, आणि क्लबात त्यांना कोणी खऱ्या नावाने हाक मारल्याचं त्यांच्या बायकोलाही आठवत नसे. कोनशिलेवर टाकायचा मखमली पडदा ही त्यांची क्लबातली कामगिरी. गर्द लाल मखमल, सोनेरी दोरी, आतून पितळी कड्या. एका वर्षी दुसऱ्याच कोणाचा तरी पडदा आणला होता, तो मध्येच अडकला आणि पाहुण्यांना शिडीवर चढून अनावरण करावं लागलं. पडदेवाल्यांचा पडदा आजवर कधी अडकला नव्हता. दोरी ओढणारे बदलत गेले, टाळ्या त्यांना मिळाल्या, आणि पडदेवाले दर वेळी बाजूला उभे राहून पडदा घडी करून घरी नेत राहिले.

या वर्षी मात्र विद्यमान अध्यक्षांनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, त्यांना खुर्चीवर बसवून, तोंड उघडायला लावून, आत आरसा घातलेला असतानाच सांगितलं होतं, "पडदेवाले, मंडईतला प्रकल्प तुम्ही तडीला न्या. प्रांतपाल स्वतः येणार आहेत उद्घाटनाला. ते खूश झाले की पुढची साखळी तुमची. बिनसलं, तर वकील आहेतच."

पडदेवाल्यांना त्या अवस्थेत "आँ" एवढंच म्हणता आलं. डॉक्टरांनी तो होकार धरला.

वकील होतेच. ते आणि पडदेवाले एकमेकांना पाण्यात पाहत, पण क्लबाच्या शिस्तीप्रमाणे एकमेकांना "मित्रवर्य" म्हणत.

प्रकल्प तसा साधा होता. मंडईत भाजी विकायला बसणाऱ्या बायकांसाठी एक स्वच्छतागृह. मंडईतल्या बायका त्याला सरळ संडास म्हणत, पण क्लबाच्या पत्रकात तो शब्द छापायला कोणी धजेना. या बायका पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बसत आणि आडोसा कुठेच नसल्याने दिवसभर घोटभर पाणीही पीत नसत. डॉक्टरांनी हे भाषणात इतक्या वेळा सांगितलं होतं की सांगताना त्यांचाच घसा सुकायचा आणि ते पाणी मागवायचे.

आता क्लबाची एक रीत होती. कुठलीही वस्तू क्लब विकत घेत नसे. ती कोणी तरी सभासद आपल्या नावाने किंवा कोणाच्या तरी स्मरणार्थ देई, आणि वस्तूच्या आधी तिची पाटी तयार होई. त्यामुळे स्वच्छतागृहाचं बांधकाम म्हणजे नावांची वाटणी झाली. दरवाजा डॉक्टरांच्या वडिलांच्या स्मरणार्थ. पाण्याची टाकी एका माजी अध्यक्षांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त. नळ, आरसा, खिडकी, खिडकीची जाळी, सगळ्यांना धनी मिळाले. दिव्यासाठी तर दोघांत जुंपली आणि शेवटी एकाने दिवा दिला, दुसऱ्याने बटण. भांड्यापाशी मात्र घोडं अडलं. आपल्या कोणाचं नाव भांड्यावर घालायला कोणी तयार होईना. अखेर वकील उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "मी देतो. सासऱ्यांच्या स्मरणार्थ." वकिलांची बायको त्यानंतर बरेच दिवस माहेरी होती.

बांधकाम पडदेवाल्यांच्या मेव्हण्याकडे होतं. मेव्हणा कामाला चोख, बोलायला त्याहून चोख. मध्यंतरी त्याने दारामागे कपडे अडकवायला एक खुंटी ठोकली, तर वकिलांनी सभेतच हरकत घेतली होती. "ही खुंटी कोणाची? हिच्यावर नाव कसं नाही? उद्या कोणीही उठेल आणि निनावी सेवा करून जाईल!" खुंटी काढावी लागली. त्या दिवशी पडदेवाल्यांनी मेव्हण्याला बजावलं, "यापुढे ज्यावर नाव नाही ते बसवायचं नाही. खिळासुद्धा नाही. समजलं?"

"समजलं, दाजी," मेव्हणा म्हणाला होता.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पडदेवाले मेव्हण्याला घेऊन मंडईत गेले. पांढरीशुभ्र इमारत, चार पायऱ्या, दाराला गुलाबी फीत, शेजारी भिंतीत कोनशिला आणि तिच्यावर आपला लाल पडदा. पायऱ्यांसमोर हिरवा गालिचा अंथरलेला, त्यावर मानाच्या खुर्च्या. पडदेवाल्यांचा ऊर भरून आला. ते आत गेले. जिकडेतिकडे पितळी पाट्या चमकत होत्या. आत बसणाऱ्याला वाचायला भरपूर होतं. सहज, नुसती हौस म्हणून, त्यांनी कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलून भांड्यात रिकामी केली. पाणी खळखळत गेलं. समाधानाने ते बाहेर आले, पायऱ्या उतरले, आणि त्यांच्या बुटांत काही तरी गार शिरलं.

पायऱ्यांच्या बाजूला, जमिनीलगत, भिंतीला एक गोल भोक होतं. त्यातून पाणी येत होतं.

"हे काय रे?"

"पाणी," मेव्हणा म्हणाला.

"ते मला दिसतंय. इथे कसं आलं?"

"तुम्हीच ओतलंत ना आत."

"अरे, पण ते गटारात जायला हवं! गटार तिकडे, रस्त्यापलीकडे आहे. मग इथून तिथपर्यंत पाइप कुठाय?"

मेव्हण्याने पडदेवाल्यांकडे असं पाहिलं, जसं एखाद्या लहान मुलाकडे पाहावं. "पाइप कोणी दिलाय, दाजी?"

"म्हणजे?"

"भांडं आलं, बसवलं. टाकी आली, चढवली. पाइप कोणाच्या स्मरणार्थ आलाच नाही. मी वाट बघितली. मग म्हटलं, हे मोठे लोक, यांचं काही तरी वेगळं असेल."

"अरे, पण विचारायचंस की!"

"खुंटी आपल्या मनाने ठोकली, तेव्हा बोलणी खाल्ली. तुम्हीच म्हणालात, ज्यावर नाव नाही ते बसवायचं नाही. खिळासुद्धा नाही."

पडदेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता ते फक्त बुटांत होतं. खरंच, सभेत पाइपाचा विषयच कधी निघाला नव्हता. निघणार कसा? पाइप जमिनीखालून जातो. त्यावर पाटी लावली तर ती वाचणार कोण?

"किती वेळ लागेल टाकायला?"

"रस्ता खणायचा, उतार काढायचा, पाइप टाकायचा, बुजवायचं. आजच्या आज तर नाहीच. गालिचा काढा, खुर्च्या काढा, कुदळ लावतो आत्ता."

प्रांतपाल घरून निघाले होते. वकिलांनी नवीन कोट शिवला होता. गालिचा काढणं म्हणजे साखळी आपल्या हाताने वकिलांच्या गळ्यात घालणं. पडदेवाल्यांनी क्षणभर डोळे मिटले, आणि क्लबात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला जो साक्षात्कार होतो तो त्यांना झाला: उद्घाटन वेगळं आणि वापर वेगळा. फीत कापायची, दोरी ओढायची, फोटो काढायचे, पाहुण्यांना सभागृहात चहाला न्यायचं, आणि दाराला कुलूप. पाइपाचं मागाहून बघू. आजवर कुठल्या पाहुण्याने उद्घाटन केलेली वस्तू वापरून बघितली होती?

"कोणाला बोलू नकोस," ते म्हणाले.

"ताईला?"

"ताईला तर मुळीच नाही."

त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि बूट बदलायला घरी गेले. बायको आरशासमोर उभी होती. "हे ओले मोजे कसले? आणि हातात किल्ली का घट्ट धरलीय? इकडे द्या, हरवाल." तिने किल्ली घेऊन त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात टाकली. "डाव्या खिशात ठेवलीय. लक्षात ठेवा, नाही तर ऐन वेळी घर डोक्यावर घ्याल."

पडदेवाल्यांनी बूट-मोजे बदलले. मेव्हण्याच्या चुकीबद्दल त्याच्या बहिणीपुढे बोलायचं नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यातून आज चूक नेमकी मेव्हण्याचीच होती का, याची त्यांना खातरी नव्हती.

ते परत मंडईत पोचले तेव्हा भाजीवाली मावशी स्वच्छतागृहाच्या दारात उभी होती. ही मावशी म्हणजे मंडईतल्या सगळ्या बायकांची मोठी. गेले काही महिने रोज सकाळी दुकान उघडताना ती पडदेवाल्यांना एकच प्रश्न विचारत आली होती, "कधी उघडणार हो तुमचं?" आणि पडदेवाले रोज सांगत, "पाहुण्यांची तारीख मिळाली की उघडू, मावशी." आज ती ठेवणीतले कपडे घालून आली होती. तिच्यामागे बाकीच्या जणीही तशाच. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली.

"बाटल्या कशाला आणल्यात?"

"आज आम्ही सगळ्या जणी सकाळपासून पाणी पितोय!" मावशी हसून म्हणाली. "पोटभर. म्हटलं, आज भ्यायचं कारण नाही. ही तर दोन वेळा चहासुद्धा प्यायली," तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. "केव्हा संपेल तुमचा कार्यक्रम?"

"आज फक्त उद्घाटन आहे, मावशी."

"हो ना, मग? झालं की आम्ही जातो ना आत."

"तसं नाही. म्हणजे, आज उद्घाटन. वापर नंतर सुरू होईल."

मावशीने त्यांच्याकडे, मग दाराकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "पडदेवाले दादा, दुकान उघडल्यावर गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता? पडदा नंतर, आज नुसतं बघा?"

तेवढ्यात प्रांतपालांची गाडी आली आणि पडदेवाले सुटले.

प्रांतपाल हे गृहस्थ वयाने, देहाने आणि अनुभवाने भारदस्त होते. सगळ्या प्रांतातले क्लब त्यांच्या देखरेखीखाली होते आणि आजवर त्यांनी कापलेल्या फितींनी त्यांच्या बायकोला उशा भरता आल्या असत्या. लांबचा प्रवास करून ते उतरले, पुष्पगुच्छ घेतला, आणि पडदेवाल्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "इथे जवळपास कुठे सोय आहे का हो?"

पडदेवाल्यांनी सोयीकडे पाठ केली. "साहेब, समोरच माझं दुकान. वरच्या मजल्यावर अगदी स्वच्छ. या ना."

"साहेब, इकडे, इकडे!" डॉक्टरांनी मध्येच पाहुण्यांचा हात धरला आणि त्यांना माइकपाशी नेलं. कार्यक्रमाला उशीर झाला होता.

फीत कापली गेली. दोरी ओढली, पडदा अडकला नाही. मग भाषणं सुरू झाली. डॉक्टर बोलले. त्यांनी बायकांच्या तहानेचं असं वर्णन केलं की मागे उभ्या असलेल्या बायकांनी बाटल्या खाली ठेवल्या आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. वकील बोलले, आभाराचे दोन शब्द ते पुष्कळ वेळ बोलले. प्रांतपाल खुर्चीत इकडून तिकडे सरकत होते. कपाळावर घाम आला होता. पडदेवाले त्यांच्याकडे पाहत होते आणि मनातल्या मनात वकिलांना आवरा म्हणत होते, तेही आयुष्यात पहिल्यांदाच निःस्वार्थ कारणासाठी.

अखेर प्रांतपाल उठले. "मित्रहो, मी शाळांचे वर्ग उघडले, बाकं उघडली, पाणपोया उघडल्या. पण प्रत्येक वेळी मी फीत कापली आणि निघून गेलो. त्या बाकावर कधी बसलो नाही. त्या पाणपोईचं पाणी प्यायलो नाही." त्यांचा आवाज दाटून आला, त्याचं खरं कारण फक्त पडदेवाल्यांना ठाऊक होतं. "आज मी ही चूक सुधारणार आहे. या वास्तूचं मी केवळ नावाचं नव्हे, तर खरंखुरं उद्घाटन करणार आहे. आत्ता. तुमच्यासमोर. म्हणजे, तुमच्यासमोर नव्हे, पण आत्ता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतले माजी अध्यक्ष उभे राहिले. फोटोवाल्याने दाराचा नेम धरला.

"बायकांचा ना तो?" मागून मावशीचा आवाज आला.

"प्रतीकात्मक आहे, प्रतीकात्मक!" डॉक्टर माइकवरून म्हणाले. "पडदेवाले, किल्ली!"

पडदेवाल्यांनी उजवा खिसा चाचपला. मग विजारीचे खिसे चाचपले. चेहऱ्यावर जमेल तेवढं आश्चर्य आणलं. "किल्ली... अरेच्चा! आत्ता तर होती. साहेब, फार वाईट वाटतं, पण किल्ली बहुधा... आपण असं करू, माझ्या दुकानात..."

"मित्रवर्य, नीट पाहा," वकील गोड हसत म्हणाले. "प्रकल्पप्रमुखांकडे किल्ली नाही, हे इतिवृत्तात नोंदवावं लागेल."

"पडली असेल कुठे तरी..."

"अहो!" तिसऱ्या रांगेतून बायकोचा खणखणीत आवाज आला. "डाव्या खिशात! आतल्या! सकाळी मीच नाही का ठेवली? सांगितलं होतं लक्षात ठेवा म्हणून!"

सभेत हशा पिकला. पडदेवाल्यांनी डाव्या खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. मेव्हणा गर्दीच्या कडेला उभा होता. तो सावकाश चालत रस्त्याच्या कोरड्या बाजूला गेला.

प्रांतपाल आत गेले. दार लागलं. डॉक्टरांच्या हातात माइक चालूच होता आणि ते श्रद्धेने दाराजवळ उभे होते, त्यामुळे पुढचं सगळं मंडईच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. आधी दीर्घ शांतता. मग बराच वेळ खळखळत राहिलेला एक आवाज, ज्याच्याकडे सर्वांनी वयाचा मान राखून दुर्लक्ष केलं. मग एक सुस्कारा. मग एका माजी अध्यक्षांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त दिलेली टाकी धबधब्यासारखी रिकामी झाली, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजत असताना पडदेवाल्यांची नजर पायऱ्यांच्या बाजूला होती. हिरव्या गालिच्याची कड आधी काळपट झाली. मग तो काळपटपणा हळूहळू पुढे सरकत मानाच्या खुर्च्यांकडे निघाला. एका माजी अध्यक्षांनी नाक आक्रसून शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने तोच कटाक्ष पुढे पाठवला. तो कटाक्ष वकिलांपर्यंत पोचला तेव्हा त्यांच्या नव्या बुटांना ओल लागली होती. "हे काय?" ते ओरडले आणि पाय वर घेऊन बसले. "पडदेवाले! हे कुठून येतंय?"

विचार करायला वेळ नव्हता. पडदेवाल्यांनी कोनशिलेवरचा पडदा कड्यांसकट हिसकून काढला. आयुष्यात पहिल्यांदा तो अडकला, आणि फाटला. तो त्यांनी भोकाच्या तोंडाशी कोंबला आणि त्यावर दोन्ही पाय देऊन ताठ उभे राहिले, जणू राष्ट्रगीत चालू आहे.

दार उघडलं. प्रांतपाल बाहेर आले. माणूस इतका प्रसन्न, इतका हलका, क्षमाशील दिसू शकतो, हे सभेने प्रथमच पाहिलं. कॅमेरे चमकले. प्रांतपालांचं लक्ष ओल्या गालिच्याकडे गेलं. "हे पाणी कसलं?"

डॉक्टरांनी पडदेवाल्यांकडे पाहिलं. वकिलांनी पाहिलं. मावशीने पाहिलं.

"धुतलंय, साहेब," पडदेवाले म्हणाले. "आपण येणार म्हणून सगळा परिसर सकाळी धुवून काढला. अजून वाळला नाही."

प्रांतपालांचे डोळे पाणावले. "उद्घाटनाआधी जमीन धुणारा क्लब मी आज पाहिला," ते माइकवर म्हणाले. "डॉक्टर, असा माणूस तुमच्याकडे आहे आणि त्याच्या गळ्यात अजून साखळी नाही?"

वकिलांनी पाय खाली सोडले. आता सुकं ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पाहुणे चहाला गेले तसा मावशीने पायऱ्यांकडे मोर्चा वळवला. पडदेवाल्यांनी घाईघाईने कुलूप लावलं. "आज नाही, मावशी. थोडं काम राहिलंय."

"एवढा मोठा माणूस आत जाऊन आला, तेव्हा काम राहिलं नव्हतं?"

"ते पाहुणे आहेत."

"आणि आमचं पाणी?" मावशीने रिकामी बाटली त्यांच्या छातीसमोर धरली. "हे आता काय घरी नेऊ? तुमच्या पडद्यात बांधून देऊ?"

पडदेवाले पायऱ्या उतरले आणि भोकात कोंबलेल्या मखमलीवर पुन्हा उभे राहिले. शेवटी बायकोच पुढे झाली. तिने त्यांच्या खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढल्या आणि बायकांना म्हणाली, "चला गं, वर चला माझ्याबरोबर." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं घरी गेल्यावर बघते. आणि त्याचंही," असं म्हणून तिने रस्त्याच्या कोरड्या बाजूला पाहिलं. मेव्हणा तिथे नव्हता.

साखळी मिळाली. मानेवर डाग पडू लागला. प्रांतातला सर्वोत्कृष्ट प्रकल्प म्हणून क्लबाला ढाल मिळाली आणि ती सभागृहात, दागिन्याच्या वाक्याखाली, टांगली गेली. पण मावशी रोज दुकानासमोरून जायची आणि आता काही विचारायची नाही, हे पडदेवाल्यांना विचारण्यापेक्षा जास्त बोचू लागलं. दुकानाच्या वरच्या मजल्याची सोय दोनचार दिवस चालली; मग पडदे बघायला आलेल्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली आणि पडदेवाल्यांनी जिन्याला दार बसवलं. तेव्हा अध्यक्ष म्हणून पुढच्याच सभेत त्यांनी विषय काढला. "मित्रवर्यहो, पाइप राहिला आहे. कोणी देणार का?"

सभेने छताकडे पाहिलं. छताला पंखा होता, त्यावर नाव होतं.

"दिसणार नाही हो तो," एक माजी अध्यक्ष म्हणाले.

"पाटी लावली तरी वाचणार कोण?" वकील म्हणाले. "घुशी?"

"मग मीच देतो," पडदेवाले म्हणाले. "वडिलांच्या स्मरणार्थ."

हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. "मामंजींना जिवंतपणी तुम्ही साधा चष्मा बदलून दिला नाहीत. आता त्यांच्या नावाने गटार?"

"गटार नाही, पाइप."

"टाका तरी लवकर. नाव काय, कोणाचंही घाला."

पाइप जमिनीखाली, म्हणून पाटी जमिनीवर, असा तोडगा निघाला. पाइप जिथून जाणार तिथे, बरोबर पायऱ्यांसमोर, काळा दगड बसवायचं ठरलं. प्रांतपालांची तारीख लगेच मिळाली, मेव्हण्याची मिळाली नाही, म्हणून दगड आधी बसला. सिमेंटने पक्का. नव्या मखमलीचा पडदा शिवला, आणि या खेपेला दोरी प्रांतपालांच्या बरोबरीने पडदेवाल्यांनी स्वतः ओढली. आयुष्यभर बाजूला उभं राहिलेल्या माणसाला त्या दोरीचा स्पर्श काय वाटला असेल, ते फोटोत स्पष्ट दिसतं.

पुढच्या आठवड्यात मेव्हणा कुदळ घेऊन आला. त्याने दगडाभोवती एक चक्कर मारली आणि डोकं खाजवलं. "दाजी, हा फोडावा लागेल. पाइप इथूनच जाणार."

पडदेवाले दगडावरचं नाव वाचत उभे राहिले. अक्षरं चांगली खोल कोरली होती. "जरा थांब," ते म्हणाले. "वर्ष संपू दे."

वर्ष संपलं. साखळी वकिलांकडे गेली. मावशीला तो दगड बरा वाटला; सपाट आहे, सावलीत आहे, ओल धरत नाही. ती आता त्यावरच बसते आणि कोथिंबिरीच्या जुड्या मांडते. मंडईतल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. दगडावर लिहिलंय की पडदेवाल्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ सांडपाण्याचा पाइप इथून जातो.

इथून पाइप जात नाही.